घर सोडून नागपूरला आलेल्या मुलांसाठी दोन खोल्या हव्यात : ख्रिस्ती विद्यार्थी सेवेचे आवाहन

प्रभूमध्ये प्रिय पाळकसाहेब, मंडळीतील वडीलजन, माजी विद्यार्थी आणि बंधुभगिनींनो,

जय ख्रिस्त.

नागपूरच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या ख्रिस्ती मुलामुलींमध्ये सेवा करणारी आमची लहानशी समिती यंदा आपल्याकडे मदत मागायला आली आहे. अमरावती मार्गावरील विद्यापीठ परिसराच्या जवळपास दोन खोल्यांची जागा भाड्याने घ्यायची आहे. वर्षभराचा सगळा खर्च धरला तर २ लाख ६५ हजार रुपये कमी पडतात. हिशेब पुढे दिलाच आहे. पण पैसे मागण्याआधी जागा कशासाठी हवी, हे आपल्याला नीट सांगायला हवे.

जून-जुलैत प्रवेश सुरू झाले की चारी बाजूंनी मुले नागपुरात येतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडून, मेळघाटातून, पलीकडे छिंदवाडा आणि छत्तीसगडमधून. नर्सिंगला केरळच्या मुली असतात, अभियांत्रिकीला ईशान्येकडची मुले. त्यांतल्या ख्रिस्ती मुलांपैकी बहुतेकांचे घर पहिल्यांदाच सुटलेले असते. घरी रविवार ठरलेला असतो. आई उठवते, आजी शास्त्रपाठ वाचला का म्हणून विचारते, उपासनेला बसायचा बाकसुद्धा ठरलेला. इथे उठवायला कोणी नाही. रविवार म्हणजे कपडे धुवायचे, प्रॅक्टिकलच्या वह्या पुऱ्या करायच्या आणि संध्याकाळी मेस बंद म्हणून बाहेर काहीतरी खाऊन घ्यायचे. पहिले दोन-तीन महिने असे गेले की चर्चची पायरी चढायला संकोच वाटू लागतो. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर पाळकसाहेब विचारतात, "नागपुरात कुठल्या मंडळीत जातोस रे?" आणि पोरगा खाली मान घालतो. हे आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकले आहे. त्यांना बोल लावावा असे आम्हाला कधी वाटले नाही. अठराव्या वर्षी अनोळखी शहरात एकट्याने विश्वास धरून राहणे फार कठीण असते.

पवित्र शास्त्रातल्या दानीएलाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो. तीही घरापासून तोडून नेलेल्या एका विद्यार्थ्याचीच गोष्ट. बाबेलमध्ये त्याला परकी भाषा, परके वाङ्मय शिकायला बसवले, त्याचे नावदेखील बदलले. तो ते शिकला आणि मन लावून शिकला. पण जिवावर बेतले त्या दिवशी तो घरी गेला आणि हनन्या, मीशाएल व अजऱ्या या सोबत्यांना म्हणाला, देवाकडे दया मागा. पुढे दानीएलाला सिंहांच्या गुहेत टाकले, त्या प्रसंगापर्यंत पोहोचण्याच्या घाईत हे तिघे आपल्या सांगण्यातून राहून जातात. आमच्या सेवेचे काम म्हणाल तर या तिघांचे आहे. प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक वर्गात एकट्या पडलेल्या मुलाला असे दोन-तीन सोबती मिळवून देणे.

आठवड्यातून एकदा पाच-सात जणांचा गट बसतो. पवित्र शास्त्रातला एखादा भाग वाचायचा, न कळलेले विचारायचे, एकमेकांसाठी प्रार्थना करायची. महिन्यातून एकदा सगळे गट एकत्र जमतात, तेव्हा गाणी होतात, साक्षी (विश्वासाचे स्वतःचे अनुभव) होतात, आणि शेवटी तर्रीपोहे.

गटात मुले जे प्रश्न आणतात ते ऐकण्यासारखे असतात. विज्ञान शिकणाऱ्या माणसाने प्रार्थना कशी करायची? तुमचा धर्म इंग्रजांनी आणलेला ना, असे रूममेट म्हणाला तर काय सांगायचे? धाकट्या भावासाठी इतकी प्रार्थना केली, तरी तो का गेला? रविवारच्या शाळेत हे कोणी विचारलेले नसते, म्हणून मुलांना वाटते की असे विचारणे हाच अविश्वास. त्यांना आम्ही याच शहरातली माणसे दाखवतो. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी शाळा काढली. सुवार्ता सांगणारा हाच मनुष्य सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर नागपूरच्या आसपासचे खडक फोडून जीवाश्म गोळा करीत होता, त्यावर शास्त्रीय लेख लिहीत होता, गोंड लोकांची भाषा आणि परंपरा टिपून ठेवत होता. १८६३ मध्ये पूर आलेला नाला घोड्यावरून ओलांडताना त्यांचा बुडून अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये उभे राहिले, ते आज सगळ्या नागपूरला ठाऊक आहे. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या एका मुलीने हे ऐकले आणि म्हणाली, "मला कोणी हे आधी का सांगितले नाही?" एक गोष्ट दान मागताना मुद्दाम सांगावीशी वाटते. हिस्लॉप यांना इथे पाठवणे स्कॉटलंडच्या मंडळीला शक्य झाले ते मद्रास सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने त्यासाठी दिलेल्या देणगीमुळे.

आणि मराठी कवी नारायण वामन टिळक. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचा संवाद झाला आणि त्याने त्यांच्या हाती नवा करार दिला. टिळक लगेच मान डोलावणारे नव्हते. त्यांनी वाचले, शंका काढल्या, पत्रांतून वाद घातले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी थांबले, आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही मराठीपण सोडले नाही. उलट अभंग आणि कीर्तन मंडळीत आणले. आमच्या मासिक सभेत त्यांचे अभंग गिटारवर होतात, आणि मिझोरमची मुले आमच्यापेक्षा वरच्या पट्टीत गातात.

आता या दोन-तीन वर्षांत जे दिसते आहे त्याविषयी. करोनाच्या काळात वसतिगृहे रिकामी झाली आणि आमचे बहुतेक गट मोडले. मोबाइलवरच्या सभा काही महिने चालल्या, मग त्याही थंडावल्या. पुन्हा महाविद्यालये भरली तेव्हा शून्यातून सुरुवात करावी लागेल अशी आमची समजूत होती. पण आलेली मुले वेगळी होती. त्यांनी घरात आजारपण आणि मरण पाहिले होते. गाणी-खेळांपेक्षा त्यांना प्रार्थना हवी होती, आणि ती लवकर संपलेली चालत नव्हती. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, ॲसबरी विद्यापीठात, ८ तारखेची नेहमीची उपासना संपली तरी काही विद्यार्थी जागचे उठले नाहीत. प्रार्थना आणि गाणी दोन आठवड्यांच्या आसपास चालू राहिली, लांबून हजारो लोक तिथे गेले. आमच्या मुलांनी ते फोनवर पाहिले आणि विचारले, आपल्याकडे असे कधी झाले आहे का? आम्ही त्यांना पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदन या आश्रमाची हकिगत सांगितली. जानेवारी १९०५ पासून पंडिता रमाबाईंनी मुलींना रोज प्रार्थनेसाठी जमवायला सुरुवात केली आणि जूनअखेर तिथे जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, आले त्याची वार्ता जगभर गेली. त्या प्रार्थना करणाऱ्या आपल्याच मुली होत्या, दुष्काळातून वाचलेल्या, विधवा, अनाथ.

नागपुरात तसे संजीवन आले आहे असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही पाहिले तेवढेच सांगतो. एका मुलाने हिवाळी परीक्षेत कॉपी न करण्याचे ठरवले, त्या पेपरला नापास झाला, आणि उन्हाळी परीक्षेत अभ्यास करून पास झाला. रात्रपाळीला असलेली नर्सिंगची विद्यार्थिनी वॉर्डाबाहेर जमिनीवर झोपलेल्या नातेवाइकांची विचारपूस करू लागली, तिचे पाहून आणखी दोघी करू लागल्या. वडिलांशी बोलणे टाकलेल्या एकाने गटातूनच बाहेर जाऊन फोन लावला. तो परत येऊन बसला तेव्हा बराच वेळ कोणीच काही बोलले नाही. देव काम करतो आहे अशी आमची खात्री अशा गोष्टींवर उभी आहे.

काही मुले फार खचलेली येतात. परीक्षा, कर्ज, प्रेमभंग, रॅगिंग, काहीही कारण असते. अशा वेळी प्रार्थना तर करतोच, पण मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जातो, १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येकाला पाठ करायला लावतो. औषध घेणे म्हणजे विश्वास कमी, असे आमच्या गटात कोणी म्हटलेले आम्ही चालू देत नाही.

आणखी काही नियम आहेत, ते दान देणाऱ्यांना माहीत असावेत. महाविद्यालयाच्या आवारात परवानगीशिवाय आम्ही सभा घेत नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना आईवडिलांच्या संमतीशिवाय गटात घेत नाही. आमच्या मुलांचे मित्र बहुतेक हिंदू आणि बौद्ध घरांतले आहेत, काही मुसलमान आहेत. ते जेवायला, गाणी ऐकायला, वाद घालायला येतात आणि त्यांचे मनापासून स्वागत असते. आमची मुले आपला विश्वास लपवत नाहीत, विचारले तर आनंदाने सांगतात. पण फी, पुस्तके किंवा जेवण यांची मदत आणि श्रद्धा यांची सांगड घालायची नाही, हे आम्ही लिहून ठेवले आहे. सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सर्वांना दिले आहे, आपल्यालाही आणि शेजाऱ्यालाही. ख्रिस्ताने कोणाला विकत घेऊन शिष्य केले नाही.

गटांत कॅथलिक मुले आहेत, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची (सीएनआय) आहेत, मारथोमा, बाप्टिस्ट, पेंटेकॉस्टलही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली ती नागपुरातच. त्या शहरात मुलांनी मंडळ्यांच्या नावावरून वेगळे बसावे हे आम्हाला पटत नाही. कोणालाही त्याच्या मंडळीतून काढून आमच्याकडे ओढायचे नाही. आम्ही चर्च नाही आणि होणारही नाही. रविवारी प्रत्येकाने आपापल्या मंडळीत जायचे, यासाठी आम्ही मागे लागतो.

आता जागेचे. आजवर गट कोणाच्या भाड्याच्या खोलीत, कधी गच्चीवर, कधी अंबाझरीच्या काठी बसत आले. घरमालक दोन-चार वेळा सांभाळून घेतात, मग साहजिकच कुरकुरतात. मे महिन्यात गच्चीवर बसवत नाही, पावसाळ्यात बागेत बसता येत नाही. मुलींच्या वसतिगृहांची फाटके लवकर बंद होतात, त्यामुळे लांबच्या ठिकाणी त्यांना येता येत नाही आणि सगळ्यात जास्त नुकसान त्यांचेच होते. विद्यापीठ परिसराजवळ, मेट्रोपासून चालत येण्याजोगी जागा असली तर हिंगणा मार्गावरची मुलेही येऊ शकतील. दिवसा तिथे अभ्यासिका चालेल, कुठल्याही धर्माच्या विद्यार्थ्यासाठी. संध्याकाळी गट बसतील.

जागेचे भाडे दरमहा १२ हजार, म्हणजे वर्षाचे १ लाख ४४ हजार. अनामत ३६ हजार. अर्धवेळ सेवा करणारे दोघे जण आहेत, एक भाऊ आणि एक ताई, त्यांचे मानधन प्रत्येकी दरमहा १० हजार, वर्षाचे २ लाख ४० हजार. डिसेंबरात परीक्षांनंतर तीन दिवसांचे शिबिर असते. ६० जणांचा माणशी खर्च १,५०० रुपये, त्यातले ५०० मूल स्वतः भरते, म्हणून ६० हजार लागतात. मराठी, हिंदी आणि इंग्रजी बायबल व अभ्यासपुस्तकांसाठी २५ हजार. एकूण ५ लाख ५ हजार. मानधनाची पूर्ण रक्कम, २ लाख ४० हजार, माजी विद्यार्थी दरमहा देतात, त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही. उरलेले २ लाख ६५ हजार आपल्याकडे मागत आहोत. वीजबिल आणि चहा-साखर मुले आपल्या वर्गणीतून भागवतील, असे त्यांनीच ठरवले आहे.

एक हजार रुपयांत एका मुलाच्या शिबिरातला आमचा वाटा भरतो. बारा हजारांत एक महिन्याचे भाडे. कोणी दशांशातून (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानातून) देईल, कोणी वाढदिवसाचे कृतज्ञतेचे दान म्हणून. पण आपल्या मंडळीचे नेहमीचे दान कमी करून आम्हाला देऊ नका. आमच्या सेवेला दान दिल्यास प्राप्तिकरात मिळणारी ८०जी ची करसवलत नाही. परदेशी देणग्यांसाठी लागणारी एफसीआरए कायद्याखालची नोंदणीही नाही, म्हणून परदेशी नागरिक वा संस्थांचे दान घेता येत नाही. परदेशात नोकरी करणारे, भारतीय पासपोर्ट असलेले माजी विद्यार्थी आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवू शकतात.

ज्यांना पैसे देणे जमणार नाही त्यांच्याकडे आणखी बरेच मागायचे आहे. महिन्यातून एका रविवारी दोन मुलांना जेवायला घरी बोलवा. वरणभात चालेल, त्यांना घरात बसून जेवायचे असते. निवृत्त प्राध्यापक आणि शिक्षकांनी आठवड्यातून एक संध्याकाळ गणित, इंग्रजी, शरीररचनाशास्त्र यांतले काही शिकवावे. चालू स्थितीतला पंखा, लोखंडी कपाट, सतरंज्या, अभ्यासाचे टेबल असे काही असेल तर आम्ही येऊन घेऊन जाऊ. आणि गावोगावच्या पाळकसाहेबांना कळकळीची विनंती आहे : आपल्या मंडळीतले मूल नागपूरला शिकायला निघाले की त्याच्या आणि पालकांच्या संमतीने आम्हाला कळवा. पहिल्याच आठवड्यात कोणीतरी जाऊन त्याला भेटेल. ते पोहोचून सहा महिने झाल्यावर कळले तर फार उशीर झालेला असतो.

प्रार्थनेत हे विषय ठेवा : घरमालकाचे मन अनुकूल राहावे, नव्या वर्षात येणाऱ्या मुलांची लवकर गाठ पडावी, सेवा करणाऱ्या भाऊ-ताईंची तब्येत आणि घरे देवाने सांभाळावीत, आणि आमच्या मुलांचे वागणे त्यांच्या बोलण्याला शोभावे.

अनामत १५ जूनपर्यंत द्यायची आहे. बँक खात्याचा तपशील आणि क्यूआर कोड नागपूरच्या मंडळ्यांमध्ये पाळकसाहेबांकडे दिला आहे, तिथूनच घ्यावा. मोबाइलवर दुसरीकडून आलेल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. रोख दान समितीच्या सभासदाकडेच द्यावे आणि छापील पावती हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नयेत. वर्षाअखेरचा जमाखर्च प्रत्येक दात्याला पाठवला जाईल.

आपले नम्र,
समितीचे सभासद आणि विद्यार्थी, नागपूर