आवडीचा वाद गल्ल्यावर नको

‘वर्षातला सर्वांत आवडता मराठी चित्रपट कोणता’ यावर चित्रपटवेडे हिरिरीने भांडतात, तेव्हा मला फार बरं वाटतं. पण 2023 चा विषय निघाला की बोलणं ‘बाईपण भारी देवा’च्या गल्ल्यावरच अडकतं. सासवा-सुना, मैत्रिणी घोळक्याने थिएटरात आल्या, हे त्याचं खरं यश. माझं मत मात्र आशिष बेंडे यांच्या ‘आत्मपॅम्फ्लेट’ला. शाळकरी पोराच्या पहिल्या प्रेमातून जातीचं वास्तव इतकं हसतखेळत क्वचितच कुणी मांडलं असेल. बेंडे यांना पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार 2025 मध्ये जाहीर झाला, तोवर चित्रपट पडद्यावरून कधीच उतरला होता. अशा चित्रपटांना निदान पहिले दोन आठवडे संध्याकाळचा खेळ द्यावा. भर दुपारच्या खेळाला नोकरदार माणूस जाणार कसा?

– एक प्रेक्षक, पुणे