रिझर्व्हॉयर असलेल्या सदोष निबा आणि माहितीपत्रकातल्या चुकीच्या सूचनांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: टाकाच्या पाच निबांचा सदोष संच परत घेऊन पूर्ण रक्कम मिळणे आणि माहितीपत्रक दुरुस्त करणे याबाबत.

महोदय/महोदया,

मी नागपूरला महाल भागात राहते. सुलेखनाची कामं करते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना टाकाने लिहायला शिकवते. आपल्या कंपनीचा रुंद टोकाच्या निबांचा संच मी मार्चमध्ये सीताबर्डीच्या एका दुकानातून घेतला. पावतीची प्रत सोबत आहे. या संचाबद्दल मी ई-मेलने तक्रार केली, तेव्हा आपल्याकडून एका ओळीचं उत्तर आलं: निब वापरानंतर नीट साफ न केल्यामुळे बिघडली आहे, बदलून मिळणार नाही. निबा न मागवता, न बघता दिलेलं हे उत्तर मला मान्य नाही.

दोष पितळी पट्टीत, म्हणजे आपण ज्याला रिझर्व्हॉयर म्हणता त्यात आहे. रुंद निबेला शाई जास्त लागते, म्हणून तिच्या पोटाशी ही पट्टी बसवतात. पट्टी आणि निब यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत शाई धरून राहते आणि निबेच्या मधोमध असलेल्या फटीवाटे बेताबेताने कागदावर उतरते. त्यासाठी पट्टीची जीभ निबेच्या टोकापासून दोनेक मिलिमीटर मागे आणि पोलादाला जेमतेम टेकलेली हवी. आपल्या संचातल्या दोन अरुंद निबांवर ही जीभ इतकी दाबून बसते की फटीचे काठ एकमेकांपासून सुटतात. निब ट्यूबलाइटसमोर धरली की फटीतून उजेडाची रेघ थेट टोकापर्यंत दिसते. पट्टी काढली की ती रेघ नाहीशी होते. अशी फाकलेली फट शाई ओढत नाही. आधी निब कोरडीच खरखरते आणि जरा जोर दिला की होती नव्हती ती शाई एकदम कागदावर येते. याच दोन निबा मी पट्टी काढून, पोटाला ब्रशने शाई लावून चालवल्या. दोन्ही सुरेख चालल्या. मग इथे साफसफाईचा संबंध येतो कुठे?

उरलेल्या तीन रुंद निबांचं उलट आहे. खोक्यावर ‘काढता येणारे रिझर्व्हॉयर’ असं छापलेलं आहे, पण या पट्ट्यांचे कान निबेच्या कडांवर असे चेपले आहेत की नखाने तसूभरही हलत नाहीत. चिमट्याने ओढावं तर निबच वाकेल. नव्या निबेवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर देतात. तो वरून निघतो, पट्टीखाली तसाच राहतो, आणि तेलकट पोलादावर शाई धरत नाही. रोजची वाळलेली शाईही तिथेच साचत जाते.

या रुंद निबेनेच माझं काम बुडवलं. आमच्या एका वाचनालयाला १४ एप्रिलसाठी संविधानाची उद्देशिका हातकागदावर लिहून हवी होती. मूळ इंग्रजी संविधान प्रेम बिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने लिहिलं, म्हणून उद्देशिकाही टाकानेच लिहावी असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या दिवशी ओळी ठीक उतरल्या. दुसऱ्या दिवशी ‘स्वातंत्र्य’ या शब्दाची शिरोरेषा ओढताना शाई मध्येच तुटली आणि पाठोपाठ त्यावर डाग पडला. शिरोरेषा एका दमात ओढायची असते, तिला मागून जोड देता येत नाही. तो अख्खा कागद वाया गेला.

आता माझ्या साफसफाईबद्दल. लिहिताना थोड्याथोड्या ओळींनी मी निब पाण्यात बुडवून सुती फडक्याने पुसते. नागपूरच्या एप्रिल-मे महिन्यात याला पर्यायच नाही. पारा ४५ अंशांकडे सरकला की पट्टीखालची शाई बघता बघता वाळते, आणि कूलरचा झोत टेबलावर आला तर त्याहून लवकर. काम संपलं की निघेल ती पट्टी काढते, जुन्या मऊ टूथब्रशने दोन्ही तुकडे फटीच्या दिशेने घासते, पुसते आणि पूर्ण वाळल्यावरच डबीत ठेवते. लाखेची वॉटरप्रूफ काळी शाई एकदा वाळली की नुसत्या पाण्याने सुटत नाही, अमोनियाचं पाणी लागतं. ती शाई मी या निबांना लावलेलीच नाही. साधी, पाण्यात विरघळणारी शाई वापरली आहे.

आणि आपलं माहितीपत्रक काय सांगतं? ‘वापरानंतर निब पाण्याच्या पेल्यात उभी ठेवा.’ या निबा पोलादाच्या आहेत, पाण्यात राहिल्या तर गंजणारच. त्यातही ओल्या पोलादाला पितळ टेकलेलं असलं की गंज आणखी लवकर धरतो, तोही नेमका पट्टीखाली, जिथे तो दिसत नाही. शिवाय टोकावर उभी ठेवलेली निब टोकालाच मार खाते. दुसरी सूचना, नवी निब लायटरच्या ज्योतीवर धरा. ज्योतीत निब क्षणभर जास्त राहिली, पोलादावर निळी झाक आली, की त्याचा ताव उतरतो आणि निब लवचीक राहत नाही. तेल काढायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरतो. माझ्याकडे दहा-बारा वर्षांची मुलं शिकायला येतात. त्यांच्या हातात पडणाऱ्या कागदावर लायटर पेटवायला सांगणं मला गंभीर वाटतं. ग्राहकाने सूचना पाळल्या तर निब खराब होणार, आणि खराब झाली की साफ केली नाही म्हणून आपणच हात वर करणार, हे चालणार नाही.

पाचही निबा, खोकं आणि माहितीपत्रक मी स्पीड पोस्टाने पाठवत आहे. आपल्या उत्पादन विभागातल्या माणसाने त्या उजेडासमोर धरून बघाव्यात. संचाची पूर्ण किंमत आणि टपालखर्च परत मिळावा, ‘नीट साफ न केल्यामुळे’ हा शेरा लेखी मागे घ्यावा. माहितीपत्रकातल्या दोन्ही सूचना काढून टाकाव्यात, पट्टी कुठे आणि किती सैल बसवायची याची आकृती द्यावी, आणि जी पट्टी निघत नाही तिच्या खोक्यावर ‘काढता येणारे’ असं छापू नये.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवेन आणि गरज पडली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. उत्तर कृपया लेखी आणि मराठीत पाठवावे.

कळावे,
आपली ग्राहक
महाल, नागपूर

सोबत: पावतीची प्रत, ई-मेलची प्रत, डाग पडलेल्या कागदाचे छायाचित्र