बोर्डावर छापलेली चिप आत नाही: २० बोर्डांबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी, पुणे

महोदय,

तुमच्या साइटवरून मागवलेल्या २० 'ब्लू पिल' (छोटे मायक्रोकंट्रोलर) बोर्डांविषयी हे पत्र आहे. बिल आणि फोटो सोबत जोडलेत. जाहिरातीत चिप एसटीएम३२एफ१०३सी८टी६ अशी लिहिलेली, चिपच्या पाठीवरही तेच नाव. आत माल दुसराच आहे.

फोनवरच्या तुमच्या माणसाने मला यूएसबी केबल बदलून बघायला सांगितलं, म्हणून जरा खोलात लिहितो. एसटी-लिंक, म्हणजे चिप वाचायचं आणि प्रोग्रॅम करायचं उपकरण, लावून चिपचा ओळख क्रमांक वाचला. अस्सल एफ१०३ चिप १बीए०१४७७ सांगते, तुमचे बोर्ड २बीए०१४७७ सांगतात. चिपशी बोलणारं ओपनओसीडी सॉफ्टवेअर 'हा क्रमांक अपेक्षित नाही' म्हणून तिथंच अडतं. केबल बदलल्याने हा क्रमांक बदलत नाही.

यूएसबीचं दुखणं याहून वेगळं आहे. यूएसबीच्या डी प्लस या डेटा लाइनला १.५ किलोओहमचा पुल-अप, म्हणजे ती लाइन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, लागतो. तुमच्या बोर्डावर आर१० च्या जागी १०३ छापाचा, म्हणजे १० किलोओहमचा रेझिस्टर आहे. त्यामुळे बोर्ड एका लॅपटॉपला सापडतो, दुसऱ्याला नाही. ए१२ (डी प्लसची पिन) आणि ३.३ व्होल्टच्या मध्ये १.८ किलोओहमचा आणखी एक समांतर जोडला की दोघांचा मिळून रोध जवळपास १.५ किलोओहमवर येतो आणि काम भागतं. पण वीसच्या वीस बोर्डांवर मीच सोल्डरिंग करत बसायचं, तर तयार बोर्डाचे पैसे कशाचे?

'एवढ्या किमतीत काय मिळणार?' असंही ऐकवलं गेलं. किमतीबद्दल माझी तक्रारच नाही. जीडी३२, एपीएम३२ या दुसऱ्या कंपन्यांच्या तशाच चिपा आपापल्या नावाने बाजारात उघड मिळतात, मी वापरतोही. काय हातात आलंय हे माहीत असलं की प्रोग्रॅम त्या हिशेबाने लिहिता येतो. इथल्या फाउंड्रीवाल्यांना मी कोअर ओव्हनचे, म्हणजे साच्यातले वाळूचे गाभे (कोअर) भाजायच्या भट्टीचे, कंट्रोलर करून देतो. तापमान भलतंच वाचलं गेलं तर कोअर जळतात, आणि शिव्या तुम्हाला नाही, मला बसतात.

जाहिरातीत तुम्ही 'हौशी आणि व्यावसायिक, दोघांसाठी' म्हणता. मी निदान एसटी-लिंक लावून बघितलं. डिप्लोमाचा पोरगा हाच बोर्ड घेईल आणि आपलाच प्रोग्रॅम चुकला म्हणून रात्र रात्र उकरत बसेल. त्याची तक्रार तुमच्यापर्यंत येणारच नाही.

आता बिल. पत्ता बेळगाव, कर्नाटक. माझा जीएसटी क्रमांक २९ ने सुरू होतो. तरी तुम्ही राज्याबाहेरच्या विक्रीचा आयजीएसटी न लावता सीजीएसटी आणि महाराष्ट्राचा एसजीएसटी लावलाय, ज्याचं क्रेडिट मला मिळत नाही. ऑर्डरची बोलणी मराठीत झाली म्हणून आम्हाला महाराष्ट्रात धरलंत की काय? भावना पोचली. पण सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, आणि जीएसटी पोर्टल निकालाची वाट बघत नाही.

माझी मागणी अशी: अस्सल चिपचे बोर्ड द्या, नाहीतर कुरिअरसकट पूर्ण रक्कम परत करा. बिल दोन्ही परिस्थितीत दुरुस्त करा. आणि जाहिरातीतलं चिपचं नाव आजच बदला.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. 'धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' हे उत्तर कृपया नको. दुकानात मी एकटाच आहे, आणि स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच धरला जातो. शिवाय त्याच कायद्याने मला पुण्याला यावं लागत नाही, बेळगावच्या जिल्हा आयोगात दावा लावता येतो.

१९ बोर्ड बांधून ठेवलेत, कुरिअरवाला पाठवा. विसावा माझ्याकडेच राहील. वेळ आलीच तर आयोगापुढे लावून दाखवायला लागेल.

आपला ग्राहक,
कंट्रोलर व पॅनेल दुरुस्ती,
उद्यमबाग, बेळगाव