समासात लिहिलेला ‘कोणी?’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

येत्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारताना तपोवनातील झाडांचे काय करायचे यावरून नाशिकमध्ये वाद झाला, तेव्हा त्यासंबंधीच्या बातम्या आणि वाचकांची पत्रे मी नेमाने कापून ठेवत होते. त्यामागे झाडांची कळकळ कमी आणि स्वार्थ जास्त होता, हे आधीच कबूल करते. पदव्युत्तर वर्गात नीती आणि पर्यावरण या विषयावर दीर्घ निबंध लिहायचा होता आणि त्यासाठी मला साहित्य हवे होते. त्या कात्रणांत एक शब्द वारंवार भेटला : बाधित. अमुक इतकी झाडे ‘बाधित होणार’. झाड तोडता येते, मुळासकट दुसरीकडे हलवता येते किंवा जागेवर राखता येते. ‘बाधित’ होणे म्हणजे यांपैकी काय, आणि ते करणार कोण, हे त्या शब्दावरून कळत नाही. हा शब्द मला खटकला, कारण माझा स्वतःचा पहिला मसुदा नुकताच परत आला होता.

त्या मसुद्यात आमच्या शिक्षिकेने शुद्धलेखनाच्या दोन-चार चुका सोडल्या तर काहीच दुरुस्त केले नव्हते. समासात मात्र अकरा ठिकाणी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता : ‘कोणी?’ नद्या दूषित केल्या जात आहेत. कोणी? डोंगर पोखरले जात आहेत. कोणी? जनजागृती केली गेली पाहिजे. कोणी? प्रथम मला हा निव्वळ छिद्रान्वेषीपणा वाटला, आणि तसे मी मैत्रिणीपाशी बोलूनही दाखवले.

वस्तुतः ही सवय जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा शिक्षणातील सक्तीचा विषय करण्याचे निर्देश दिले, आणि त्यामुळे माझ्या पिढीने शाळेपासून पदवीपर्यंत या विषयावर वह्याच्या वह्या भरल्या. आरंभी तुकोबांच्या अभंगाची ओळ, मध्ये ओझोनचा थर, शेवटी एखादा संकल्प, एवढे जमले की गुण ठरलेले असत. कर्ता नसलेल्या वाक्याला कोणाचे नाव घ्यावे लागत नाही आणि म्हणून त्यात काही चुकतही नाही. परीक्षेसाठी याहून सोयीचे दुसरे काय असणार?

गोदावरीचेच उदाहरण घेते. ‘नदीपात्रात पानवेली वाढल्या’ हे वाक्य मीही लिहिले होते. या वाक्यात कर्ता आहे, पण तो पानवेल आहे! जणू ती वनस्पती आपल्या मर्जीने गोदेवर येऊन पसरली. पानवेलीला वाढायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतात आणि हे दोन्ही तिला घराघरांतून वाहत येणाऱ्या, पुरेशा प्रक्रियेविना नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यातून मिळतात. म्हणजे त्या वाक्यात न्हाणीघरे, नाले, मलनिस्सारणाची व्यवस्था आणि ती चालवणारी माणसे यायला हवी होती, आणि शिक्षा झाली एका पाणवनस्पतीला. (दोष कर्मणी प्रयोगाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. ‘आम्ही झाडे तोडली’ हाही व्याकरणाने कर्मणी प्रयोगच, पण त्यात ‘आम्ही’ स्वच्छ दिसतो.) १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ५१ क मध्ये नैसर्गिक पर्यावरणाच्या रक्षणाचे कर्तव्य नागरिकावर सोपवले आहे, म्हणजे तेथेही कर्ता आहे, फक्त तो ‘प्रत्येक नागरिक’ असल्यामुळे माझ्या निबंधात मला त्याच्या आड सहज लपता आले.

खरी अडचण दुसऱ्या मसुद्यात आली. आमची द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर हवा ढगाळ राहिली किंवा अवेळी पाऊस आला की डाउनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने फवारणीवर फवारणी होते, कारण घड गेले तर वर्ष गेले. मी लिहिले होते, ‘फवारणीनंतर ब्लोअरची टाकी ओढ्यावर धुतली जाते.’ या वेळी ‘कोणी?’ हे समासात कोणी लिहायची गरज नव्हती. टाकी आप्पा धुतात, आणि मी सुट्टीत घरी असले तर पाण्याचा पाइप माझ्या हातात असतो. तो ओढा कादवेला मिळतो, आणि कादवा नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरीला मिळते. तेथील पाणथळ जानेवारी २०२० मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झाली आणि राज्यातील हे पहिले रामसर स्थळ म्हणून आम्ही जिल्हावासीयांनी अभिमान मिरवला. स्थलांतरित पक्षी तेथे हिवाळ्यात उतरतात, आणि आमच्या फवारण्यांचे दिवसही तेच. बोर्डो मिश्रण या बुरशीनाशकातील मोरचुदाचे तांबे तर कुजून नाहीसे होत नाही, ते मातीत आणि गाळात साचत राहते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अवशेषांमुळे युरोपात आपली द्राक्षे अडवली गेली, तो धक्का बागायतदार अजून विसरलेले नाहीत. निर्यातीच्या मण्यावर काय उरले हे प्रयोगशाळेत तपासून घेतल्याशिवाय आता माल पुढे जात नाही. आमच्या ओढ्याचे पाणी कोणी तपासल्याचे मात्र मला आठवत नाही.

तरीही आमच्या टाकीमुळे पक्ष्यांना इजा झाली, असे मी लिहिले नाही, कारण तसे म्हणायला माझ्यापाशी पुरावा नव्हता. ही काळजी घेताना मला एकदम शरम वाटली. पहिल्या मसुद्यात कारखानदारांवर ठपका ठेवताना मी पुराव्याची इतकी फिकीर केली नव्हती. घरच्यांसाठी एक ताजवा आणि परक्यांसाठी दुसरा, हे मला माझ्याच दोन मसुद्यांतून उमगले. वर्गातील व्याख्यानांतून ते इतके स्पष्ट झाले नव्हते.

निबंध आप्पांना वाचून दाखवावा की नाही, याचा चार दिवस विचार केला. अखेर दाखवला. ते रागावतील अशी माझी अटकळ होती. ते म्हणाले, ‘‘माझं नाव घातलंस, बरं केलंस. आता मोठा, एकसारखा, बिनडागाचा मणी पाहिजे म्हणून अडून बसतो, त्या व्यापाऱ्याचंही घाल. आणि तो मणी निवडून घेणाऱ्याचं पण.’’ शहरातल्या खोलीवर राहून मंडईत घड उलटसुलट करून पाहणारी मीही त्यातच येते. तिसऱ्या मसुद्यात त्यामुळे कर्ते वाढले आणि निबंध पूर्वीपेक्षा कितीतरी अडखळत चालू लागला. टाकी धुण्याची जागा ओढ्यापासून लांब, बांधापलीकडे न्यायचे आम्ही ठरवले आहे. तेथे मुरणारे पाणी विहिरीत उतरू नये यासाठी काय करायचे, यावर घरात अजून एकमत नाही.

आपल्या दैनिकाला माझी एक विनंती आहे. ‘झाडे बाधित’, ‘पात्र दूषित’, ‘टेकडी सपाट’ अशा बातम्या देताना, निर्णय कोणत्या कार्यालयाचा, काम कोणाचे आणि परवानगी कोणी दिली, हे माहीत असेल तर ते पहिल्याच वाक्यात छापावे, आणि माहीत नसेल तर विचारूनही उत्तर मिळाले नाही, असे छापावे.

आपली विश्वासू,
एक पदव्युत्तर विद्यार्थिनी, नाशिक