सईच्या स्काऊटबद्दल

रेडिंग, इंग्लंड, १२ मे

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर सईच्या स्काऊटच्या कॅम्पचं बोलणं निघालं आणि तुम्ही दोघंही गप्प झालात. तुमचं गप्प होणं मला कळतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुमच्या जिवाला घोर लावून तिला पाठवलं, तर माझंही इथे लक्ष लागणार नाही.

आई, आधी तुझं. मुलींचा तंबू वेगळा असतो. मोठी माणसं दुसऱ्या तंबूत, पण हाकेच्या अंतरावर. कुठल्याही मोठ्या माणसाने एकट्याने एकट्या मुलाबरोबर थांबायचं नाही, हा कडक नियम आहे. शिकवणारे सगळे बिनपगारी स्वयंसेवक, आणि त्यांच्या नावावर काही गुन्हा नाही ना, हे तपासल्याशिवाय त्यांना मुलांमध्ये येऊ देत नाहीत. मुलांना रात्रीच्या मुक्कामाला न्यायचं तर त्याचा वेगळा परवाना लागतो. हे सगळं मी स्वतः विचारून घेतलं आहे.

तिथे मुलांना सुरीने काडी तासायला शिकवतात, हे ऐकून तू घाबरलीस. मागच्या आठवड्यात पालकांना थांबू दिलं होतं, तेव्हा मी समोर बसून पाहिलं. आधी हात लांब करून स्वतःभोवती गोल फिरायचं. त्या घेरात कुणी येत नसेल तरच सुरी उघडायची. बसून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून, पातं अंगापासून बाहेरच्या दिशेला चालवायचं. दुसऱ्याला द्यायची तर बंद करून, आणि त्याने ‘घेतली’ म्हटल्याशिवाय हात सोडायचा नाही. सई शेजारच्या मुलाकडे सुरी धरून थांबली होती, तो बोलेपर्यंत. घरात ताट उचलून ठेव म्हटलं तर तीनदा सांगावं लागतं त्या मुलीला! तिच्या हातात खरी वस्तू, खरी जोखीम दिली आणि ती तेवढ्याच खरेपणाने वागली. मला ह्यासाठीच तिला तिथे घालायचं आहे.

मग त्याच काडीला भिजवलेल्या पिठाची वळकटी गुंडाळून निखाऱ्यावर भाजली. बाहेरून करपलेली, आतून थोडी कच्ची, आपल्या पानग्यांची चुलतबहीण म्हण. सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

बाबा, तुमची हरकत वेगळी आहे. ‘साहेबाची फौजी शिस्त’ म्हणालात. स्काऊट सुरू करणारा बेडन-पॉवेल लष्करातला होता हे खरं. १९०७ साली त्याने ब्राउनसी बेटावर पहिला कॅम्प घेतला, तेव्हा श्रीमंतांच्या शाळांतली आणि कष्टकऱ्यांच्या घरची मुलं त्याने एकत्र आणली. पण पुढे हिंदुस्थानात आपल्या मुलांना स्काऊटमध्ये घेत नव्हते, म्हणून ॲनी बेझंट बाईंनी मद्रासला वेगळी संघटना काढली, आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम बाजपेयी यांनी अलाहाबादला सेवा समितीची. ह्या सगळ्या वाटा १९५० मध्ये ‘भारत स्काऊट्स अँड गाईड्स’मध्ये मिळाल्या आणि पुढच्या वर्षी मुलींची गर्ल गाईड्स संघटनाही त्यात आली. म्हणजे ज्यांना दार बंद होतं त्यांनीच हे आपलंसं करून घेतलं. तुम्हाला हा इतिहास आवडेल असं वाटलं.

राजाशी इमान राखण्याची शपथ घ्यावी लागेल, ही तुमची मोठी शंका. तसं नाही. जे ब्रिटिश नागरिक नाहीत त्यांनी ‘मी सध्या ज्या देशात राहते त्या देशाप्रती’ असं म्हणायची मुभा आहे, आणि हिंदू मुलांना शपथेतल्या देवाच्या ठिकाणी ‘माझा धर्म’ म्हणता येतं. सईने स्वतः हे दोन्ही निवडलं. पुढची ओळ सगळ्यांना सारखीच : दुसऱ्याला मदत करीन आणि स्काऊटचे नियम पाळीन.

अजून एक सांगते, फोनवर बोलताना माझा गळा दाटून येतो म्हणून इथे लिहिते. मला साताऱ्यात तुमच्याशिवाय काकू होत्या, मामा होते, वाड्यातले सगळे होते. चुकले तर कान धरणारे आणि पडले तर उचलणारे. बाबा, अजिंक्यताऱ्यावर पहाटे तुम्ही पुढे निघून जायचात, तेव्हा माझ्याबरोबर शेजारचे कुणी ना कुणी असायचेच. सईला इथे आम्ही दोघंच आहोत. घराबाहेरची चार चांगली माणसं तिला हवीत, आणि मला ती स्काऊट भरतं त्या हॉलमध्ये दिसली. प्रवेशाच्या यादीत नाव लावून आम्ही कितीतरी दिवस वाट पाहिली, ती ह्याचसाठी.

कॅम्प जूनच्या शेवटच्या शनिवारी आहे. आई, तुझे लोकरीचे मोजे तिने बॅगेत आत्ताच भरून ठेवलेत. रात्री इथे जूनमध्येही गारठा असतो.

शपथ येत्या गुरुवारी संध्याकाळी सात वाजता. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा होतील. मी व्हिडिओ कॉल लावते. बाबा, दुपारी थोडं झोपून घ्या आणि आईलाही झोपू द्या. तुम्ही दोघं समोर दिसल्याशिवाय शपथेसाठी तीन बोटं वर करणार नाही, असं सई म्हणते आहे.

तुमची,
मेघा