लायब्ररीवरचं नाव

बार्शी, रविवार

चि. अनघा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "रात्री अकरापर्यंत मुगारमध्येच असते." मला वाटलं हॉटेल! लायब्ररी म्हटल्यावर हा मुगार कोण, ते मोबाईलवर शोधत बसलो. एक गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं.

अगं, आपल्याच धंद्यातला निघाला. स्टीफन मुगार, आर्मेनियन किराणावाला. 1901 साली तुर्कांच्या राज्यात, खारपेर्टला जन्म. पाच वर्षांचा असताना अमेरिकेला आला. बापाने, सार्किसने, तुमच्या बॉस्टनशेजारच्या वॉटरटाऊनमध्ये 'स्टार मार्केट' नावाचं छोटं दुकान 800 डॉलरला घेतलं. पुढे बाप मोटार अपघातात गेला आणि गल्ल्यावर विशीतलं पोर बसलं.

इथे मी जरा थांबलो. अण्णा गेले तेव्हा मी एकोणीसचा. तेराव्यानंतर दुकान उघडलं, तर उधारीच्या वहीत निम्मी नावंच नाहीत. "विहिरीजवळची", "मास्तरांचा धाकटा". अक्षर अण्णांचं, हिशेब त्यांच्या डोक्यात. वसुली कुणाकडून करायची?

त्या पठ्ठ्याने मात्र एका दुकानाची रांगच्या रांग उभी केली. 1963 साली न्यूटनव्हिलला तर चक्क हायवेच्या डोक्यावर दुकान बांधलं. वर भाजी, खाली मोटारी. (आपल्याकडे पुलाखाली बसतात.) वर्षभरात सगळा धंदा शिकागोच्या ज्यूल कंपनीला विकला. एवढं उभं केलेलं विकायचं मला जमलं नसतं. मग 1966 मध्ये तुझी ही लायब्ररी. 'मुगार मेमोरियल' म्हणजे त्याचं नव्हे, आईबापाचं स्मारक: सार्किस आणि वोस्गितेल. मार्टिन ल्यूथर किंग तुमच्याच बॉस्टन विद्यापीठात पीएच.डी. झाले, त्यांनी दिलेले कागद याच इमारतीत आहेत म्हणे. किराण्याच्या पैशातून बांधलेल्या भिंती!

तुझ्या ॲडमिशनच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'बिझनेस' लिहिला होतास. तेव्हा बोललो नाही, पण पाहिलं होतं. पुढच्या फॉर्मवर किराणा दुकान लिही. जागा पुरेल.

आईने मेतकूट दिलंय, मोरे मास्तरांच्या सुनेबरोबर येईल.

तुझे,
बाबा

ता.क. आत कुठे त्या वोस्गितेलबाईंचा फोटो लावला असेल तर पाठव. आईला बघायचाय.