तुझ्या नावापुढचे दोन तारे

नागपूर,
19 जानेवारी 2026

प्रिय सुध्या,

अबे, तू अजून त्रिमूर्तीनगरात राहतोस! खोटं वाटत असेल तर मतदार यादी पाहा. तुमचं घर पाडून तिथं फ्लॅट स्कीम उभी राहिली, खाली कुणाच्या तरी कोचिंग क्लासची पाटी लागली, फाटकाजवळचा सीताफळाचा झाड गेला, पण यादीत तू आणि वहिनी जुन्या घर क्रमांकावर सुखानं नांदताय. त्यातही तुझ्या नावापुढे दोन तारे. मला आधी वाटलं, पुण्यात जाऊन मोठा साहेब झाला म्हणून लावले असतील. मग कळलं, ज्याचं नाव शहराच्या यादीत दोनदा आल्याचा संशय असतो त्याला हे तारे लागतात. दुसरं नाव मनीषनगरच्या फ्लॅटचं असणार, दुसरं काय? म्हणजे नागपुरात दोनदा, आणि जिथं घरपट्टी भरतोस तिथं एकदाही नाही.

परवा फोनवर तू "झालं का मतदान?" एवढंच विचारलंस, मी "हो" म्हणालो आणि तुझी मीटिंग सुरू झाली. त्या "हो"मध्ये घरात किती भानगडी झाल्या ते फोनवर सांगायचं काम नव्हतं. म्हणून हे लिहून राहिलो.

पहिली भानगड मनूची. मागची महापालिका निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली तेव्हा ती चौथीत होती. मार्च 2022 मध्ये मुदत संपली, तेव्हापासून प्रशासक. आता सगळं जुळून आलं तोवर पोरगी कॉलेजात गेली. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली, त्याच आठवड्यात तिनं फॉर्म भरला, दिवाळीनंतर ओळखपत्र घरी आलं. फोटो नेहमीसारखाच, कुणीतरी धमकावून काढल्यासारखा. तरी तिनं ते कार्ड आरतीच्या तबकात ठेवून आजीला दाखवलं. आणि नेमकं महापालिकेसाठी धरली 1 जुलै 2025 ची यादी. ओळखपत्र हातात, नाव यादीत नाही. दीड महिन्यानं हुकलं रे. दोन दिवस घरात कुणाशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा म्हणाली, "सुधीरकाका इथं राहत नाहीत तरी त्यांचं नाव दोनदा, आणि मी इथंच राहते तर एकदाही नाही." यावर मी काय बोलणार?

दुसरी भानगड रस्त्याची, आणि ती तू डोळ्यांनी पाहिली पाहिजेस. आपल्या गल्लीचा डांबरी रस्ता गेला, सिमेंटचा आला. गुळगुळीत आहे, खड्डा नाही, ते खरं. पण जुना न खोदता त्यावरच नवा ओतला. लहानपणी आपण रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आमच्या ओट्यावर यायचो ना, तिथं बसून चक्रीला मांजा गुंडाळायचो? आता दोन पायऱ्या उतरून घरात यावं लागतं. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी बिनबोलावता अंगणात येतं. आम्ही फाटकाशी विटांचा बांध घातलाय; स्कूटर काढायची तर फळी टाकावी लागते. आईचं म्हणणं, "इतके वर्षं रस्ता मागत होतो, आता रस्ताच घरात आला."

प्रचाराला येणारे सगळे याच फाटकातून आत. एक उमेदवार, कोणत्या पक्षाचा ते सांगत नाही, आईच्या पाया पडायला घाईघाईनं उतरला आणि फळीवरून घसरला. सावरला, हसला, हात जोडून म्हणाला, "काकू, काही समस्या असली तर सांगा." आई म्हणाली, "समस्या काही नाही बाबू, फक्त जपून उतरत जा. मागच्या येळचा पण इथंच पडला होता." मागं उभी असलेली पोट्टी तोंडात रुमाल कोंबून हसत होती.

आता सगळ्यात मोठी भानगड, तारखेची. मतदान गुरुवारी, 15 जानेवारीला. म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. म्हणजे कर! आईनं कॅलेंडर पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. करीच्या दिवशी शुभ काम नाही, कुठं जाणं नाही, येणं नाही. यंदा संक्रांतीलाच एकादशी आल्यामुळे तिचं डोकं आधीच फिरलेलं, कारण तिळगुळ चालतो का आणि खिचडी चालते का यावर गल्लीतल्या म्हाताऱ्यांची दोन टोकांची मतं होती. त्यात हे. मी म्हटलं, आई, मतदान काही शुभ काम नाही, ते सरकारी काम आहे. हे तिला पटलं. "सरकारी काम असंही करीलाच होते," म्हणाली.

संक्रांत बाकी नेहमीसारखीच झाली. सकाळपासून गच्च्यांवर स्पीकर, "ओऽऽ काट!"च्या आरोळ्या, आणि खाली स्कूटरवाले मानेला मफलर गुंडाळून जीव मुठीत धरून चाललेले. नायलॉन मांजाला बंदी आहे, तरी कुठून येतो कोण जाणे. आमचा ओम्या दुपारभर गच्चीवर होता. संध्याकाळी खाली आला तेव्हा चेहरा वांग्याच्या भरतासारखा झालेला. आणि पतंगांवरसुद्धा उमेदवारांचे फोटो, बरं का. प्रचार आदल्या दिवशी संपला होता, पण पतंग काही कुणाचं ऐकत नाही.

करीच्या सकाळी आई सगळ्यांच्या आधी तयार. पैठणी नाही, पण ती चांगली निळी साडी. जिभेवर गुळाचा खडा ठेवून निघाली. केंद्र शाळेत, साडेसातला सुरू होणार होतं. आम्ही आठला पोचलो तर रांग पोर्चपर्यंत आलेली. थंडी बऱ्यापैकी होती, सगळे स्वेटरात, ओळखीचे चेहरे कानटोप्यांतून शोधावे लागत होते. मोबाइल आत नेऊ देत नव्हते म्हणून सगळ्यांचे मोबाइल मनूच्या पिशवीत. मत नाही तर नाही, पण तिनं त्या दिवशी गल्लीतल्या आज्यांना ॲक्टिव्हावर बसवून आणायचं-सोडायचं काम उचललं होतं. मतदान मतदान म्हणतात ते तिनं केलं असं मला वाटतं, आम्ही फक्त बटणं दाबली.

बटणांचंच तर रामायण झालं. 38 प्रभाग, 151 नगरसेवक. एक प्रभाग सोडला तर बाकी सगळीकडे चार-चार जागा. म्हणजे प्रत्येकानं चार मतं द्यायची, अ, ब, क, ड. पांढरी, फिकट गुलाबी, फिकट पिवळी, फिकट निळी अशा पत्रिका, आणि चौथं बटण दाबलं की मगच यंत्र ओरडतं. हे मी आईला घरी वाटीत शेंगदाणे ठेवून समजावलं होतं. तिनं ऐकलं आणि शेंगदाणे खाल्ले.

मी रांगेत तिच्या मागेच होतो. ती पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊ लागली. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, "आजी, झालं का?"

"झालं ना."

"आवाज नाही आला."

"मी काहून आवाज करू?"

खोलीत सगळे हसले, पोलीससुद्धा. बाईंनी मोठ्या शांतपणे सांगितलं, आजी, तुम्ही एकच बटण दाबलं, अजून तीन आहेत. आई म्हणाली, "एकाच माणसाला कितीदा देऊ?" आणि ती त्या माणसाचं नाव घेणार एवढ्यात केंद्राध्यक्ष खुर्चीतून अर्धे उठले. "आजी, नाव नका घेऊ, नाव नका घेऊ!" तिकडे बाकावर बसलेले सगळ्या पक्षांचे पोलिंग एजंट कान टवकारून बसलेले, त्यांचा जीव खालीवर. आई परत आत गेली. मग एकेक बटण, बऱ्याच वेळानं एकेक, आणि शेवटी एकदाचा तो लांब "बीऽऽप". बोटाला शाई म्हणून मार्करची रेघ मारली होती, ती बाहेर उन्हात निरखून पाहत म्हणाली, "हे तं पोट्ट्यांच्या वहीतलं पेन आहे."

मतदानानंतर तर्री पोहे झालेच पाहिजेत, तो आपला जुना कायदा. ठेल्यावर इतकी गर्दी की तर्री संपत आलेली, तो नुसतं पाणी ओतून राहिला होता. तरी खाल्ले. आईनं वरून दोनदा चना मागून घेतला.

आमच्या हिनं कुणाला मत दिलं ते अजून कळलेलं नाही. चार मतं, चार पक्षांना देता येतात, त्यामुळे अंदाजही करता येत नाही. तिची बहीण अंबाझरीकडे राहते ते तुला माहीत आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे तलाव ओसंडला तेव्हा तिच्या घरात गाळ शिरला होता, फ्रिज तरंगत होता. तेव्हापासून या दोघी बहिणी नाल्याच्या भिंतीबद्दल बोलतात तसं लोक भावाच्या लग्नाबद्दल बोलत नाहीत. मी एकदा विचारलं, निदान पक्ष तर सांग. "गुप्त असतं ते," म्हणाली आणि भाजीत मीठ टाकायला लावलं मला. शुक्रवारी मोजणी झाली. मी दाबलेल्या चारांतले दोन लागले. ती टीव्हीसमोर मेथी निवडत बसली होती, चेहऱ्यावर काही नाही. पण रात्री खिचडीऐवजी कोथिंबिरीची सांबारवडी केली, त्यावरून तुला काय समजायचं ते समज.

काल रविवारी अंभोऱ्याला जाऊन आलो. पूल झाल्यापासून तू पाहिलाच नाहीस ना? जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. कुही, मांढळ, वेलतूर करत गेलो. दोन्हीकडे तुरीचं पीक कापणीला आलेलं, मधे मधे मिरचीची वाळवण लाल लाल. वैनगंगेवर केबलचा पूल आहे, मधल्या खांबावर उंच गॅलरी, तिथून गोसीखुर्द धरणाचं सगळं पाणी पसरलेलं दिसतं. पलीकडे भंडारा जिल्हा. पूर्वी डोंग्यात बसून पलीकडे जायचो तेव्हा तुझी बोबडी वळायची, ते मी मुलांना रंगवून सांगितलं. चैतन्येश्वराच्या पायऱ्या आई चढली, मधे बसत बसत, पण चढली. खाली वाळूत कोणी गोवऱ्यांवर पानगे लावलेले, वांग्याच्या भाजीचा वास, आमच्या डब्यातल्या पुऱ्या एकदम गरीब वाटायला लागल्या. शेजारच्या कुटुंबाला आमची दया आली असावी. त्यांनी दोन पानगे तुपात बुडवून दिले. मनू म्हणाली, याला खरा जनसंपर्क म्हणतात.

आता तुझ्या ताऱ्यांचं. तू म्हणशील, राहू दे ना, नाव काढलं की नागपूर सुटलं. मागेही म्हणाला होतास. पण नागपूर असं यादीतून सुटतं का बे? तुझ्या पुण्यातही त्याच दिवशी मतदान होतं. तुमच्या सोसायटीत टँकरनं पाणी येतं म्हणून तू दर उन्हाळ्यात माझं डोकं खातोस, आणि ज्या दिवशी बोलायचं त्या दिवशी तू घरी बसून मलाच विचारतोस, झालं का? जिथं तुझ्या घरात पाणी येतं किंवा येत नाही, तिथं तुझं बटण पाहिजे. इथल्या आमच्या पायऱ्या आम्ही पाहून घेऊ. फॉर्म 8 भर, नवीन पत्त्याचं वीजबिल जोड, मोबाइलवरूनही होतं. मनीषनगरचं नाव आधी काढ, नाहीतर पुढच्या खेपेला तुला तीन तारे लागतील.

आणि ये. 26 जानेवारीला सीताबर्डीचा किल्ला उघडतात, ओम्यानं अजून पाहिला नाही, तुझ्या पोरीनंही नसेल. अजनीपर्यंत वंदे भारत आहेच, बारा तासांत येतोस. तिकीट नाही मिळालं तर समृद्धीनं ये, पण रात्री गाडी चालवू नको. हिची हळदी-कुंकवाची धावपळ रथसप्तमीला, 25 तारखेला संपते, त्यानंतर वहिनींना निवांत बसता येईल. येताना आईसाठी गुडघ्याचा पट्टा आण, मधल्या मापाचा, मागच्या वेळी वहिनींनी आणला होता तसाच. इथं मिळतो तो तिला टोचतो.

तुझा,
विजू

ता. क. : मनूनं लिहायला सांगितलंय की सुधीरकाकांनी फॉर्म भरला की स्क्रीनशॉट पाठवावा, नुसत्या शब्दावर तिचा विश्वास नाही.